तीन नावांचा कपडा

एडिनबराच्या रॉयल माइल रस्त्यावर टार्टन विकणाऱ्या दुकानांची रांगच लागलेली आहे. त्यातल्या एका दुकानात दाराशीच टचस्क्रीन होता : आडनाव टाका, तुमचं कुळ शोधा. क्लायंटच्या कामासाठी मी सहा आठवडे तिथे होतो आणि एका रविवारी आमच्या लंडन ऑफिसातला एक टेस्टर भेटायला आला होता. त्याचे आजी-आजोबा जमैकाहून इंग्लंडला आलेले. त्याचं आडनाव मॅकफर्सन.

आधी मी माझं आडनाव टाकलं. स्क्रीनवर थोडा वेळ चक्र फिरलं आणि उत्तर आलं की जुळणी सापडली नाही, पण कुळ नसलेल्यांसाठीही आमच्याकडे टार्टन आहेत. मग त्याने त्याचं टाकलं. क्षणात लाल जमिनीवरचा चौकड्यांचा नमुना आला, वर रानमांजराचं चिन्ह आणि खाली छापून घ्यायचं सर्टिफिकेट : आपला प्राचीन कौटुंबिक वारसा. दुकानातली मुलगी मनापासून ‘अभिनंदन’ म्हणाली. तो हसला, पैसे दिले, सर्टिफिकेट घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “आजीला दाखवतो. ती विचारेल, हे आडनाव आपल्याला दिलं कुणी, ते यात कुठे छापलंय?”

त्या सर्टिफिकेटावर याचं उत्तर नव्हतं. माझं म्हणणं असं आहे की ते तिथे असायला हवं होतं आणि ते नसणं ही जागा कमी पडल्याची गोष्ट नाही. ते काढून टाकलं गेलं आहे. कुणी, कधी आणि कसं, ते सांगतो. त्यासाठी आधी कपडा समजून घ्यावा लागेल.

एका ओळीत मावणारं डिझाइन

टार्टनवर माझा पहिल्यापासून जीव आहे, कारण तो मला कोडसारखा वाचता येतो. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगांचा एक क्रम ठरवायचा. समजा, काळे ४ धागे, मग लाल २४, मग हिरवे १६, मग पिवळे २. बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम शेवटच्या रंगापर्यंत जातो आणि तिथून उलटा फिरून परत येतो. हाच क्रम जसाच्या तसा बाण्यातही, म्हणजे आडव्या धाग्यांतही, वापरायचा. बस. या एका आवर्तनाला ‘सेट’ म्हणतात. अख्खं डिझाइन एका ओळीच्या मजकुरात मावतं.

वीण ट्विलची. प्रत्येक धागा दोनांवरून आणि दोनांखालून जातो आणि पुढच्या ओळीत एक घर सरकतो. जीन्सवर तिरक्या रेघा दिसतात, तशाच इथेही असतात. लाल धागा लालला छेदतो तिथे पक्का लाल दिसतो, लाल हिरव्याला छेदतो तिथे दोन्हींचं मिश्रण. त्यामुळे दोन रंग घेतले तर डोळ्याला तीन छटा दिसतात, चार घेतले तर दहा, सहा घेतले तर एकवीस. इनपुट एवढंसं आणि आउटपुट एवढं. कुठल्याही इंजिनिअरला हेवा वाटावा असं हे काम आहे.

ही ओळ लिहून ठेवायची पद्धतही जुनी आहे. मार्टिन मार्टिन नावाच्या स्काय बेटावरच्या माणसाने १७०३ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचं वर्णन छापलं. त्यात तो सांगतो की तिथल्या बायका नमुन्यातल्या प्रत्येक पट्ट्याच्या धाग्यांची संख्या लाकडाच्या तुकड्यावर नोंदवून ठेवतात. टार्टनचा सोर्स कोड म्हणजे ही लाकडं आणि तो लिहिणाऱ्या या बायका. त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठल्या टार्टनला नाही.

मार्टिन आणखी एक गोष्ट सांगतो. माणसाच्या अंगावरचं वस्त्र पाहून तो कुठल्या भागातला, हे ओळखता येतं. कुठल्या कुळाचा, हे नव्हे. ज्या गावात जो विणकर, ज्या डोंगरात रंगासाठी जी झुडपं, तसा तिथला नमुना. १७१४ च्या सुमारास रिचर्ड वेट या चित्रकाराने ग्रँट कुळातल्या माणसांची चित्रं काढली. एकाच कुळातली ही माणसं त्यांत वेगवेगळे टार्टन घालून उभी आहेत. १७४६ मध्ये कलोडनच्या मैदानात जॅकोबाइट सैन्य हरलं, त्या लढाईतही आपला कोण आणि परका कोण हे टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून ओळखत होते. कपड्यावरून ओळखायची सोयच नव्हती.

बंदी, पलटण आणि गिरणी

कलोडननंतर ब्रिटिश सरकारने कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलग्यांना डोंगरी वेष घालायला बंदी. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. पस्तीस वर्षं, म्हणजे एक अख्खी पिढी.

मोठा अपवाद होता : सैन्य. राजाच्या पलटणीत भरती झालात तर टार्टन घाला, किल्ट घाला, बॅगपाइप वाजवा. आपल्या डोंगरात गुन्हा असलेला कपडा परक्या मुलुखात गणवेश झाला. आज कॅम्पबेल कुळाचा म्हणून विकला जाणारा गडद हिरवा-निळा-काळा नमुना म्हणजे ब्लॅक वॉच या पलटणीचा सरकारी नमुना आहे.

या पलटणी आपल्याकडेही आल्या. ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या तटाला शिड्या लावून चढण्यात ७८ वी हायलँड पलटण पुढे होती. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी उभ्या होत्या. त्यांच्या निशाणावर नंतर हत्ती आणि ‘असई’ हे नाव आलं. शाळेत आपण ही लढाई इंग्रज विरुद्ध मराठे अशी शिकतो. पण तिथे समोरून चालत आलेल्यांत असेही होते, ज्यांच्या वडिलांना स्वतःच्या गावात स्वतःचा कपडा घालायला मनाई होती. साम्राज्य माणसं कशी वापरतं, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

पलटणींना कपडा लागतो आणि तो मोजून, एकसारखा, हजारो वार लागतो. इथे बॅनकबर्नचे विल्सन येतात. स्टर्लिंगजवळचं हे गाव हायलँडच्या बाहेर. १७६५ च्या सुमारास सुरू झालेल्या या पेढीने सैन्याला टार्टन पुरवला आणि मग परदेशातही पाठवला. हे लोक शिस्तीचे होते. १८१९ मध्ये त्यांनी आपल्या नमुन्यांचं एक बाड तयार केलं. त्यात दोनशेहून जास्त सेट आहेत, रंग आणि धाग्यांच्या संख्येसकट. काहींना नुसते नंबर, काहींना गावांची नावं, काहींना गिऱ्हाइकांची. प्राचीन कुळांचं पवित्र पुस्तक म्हणावं असं त्यात काही नाही. तो माल विकण्यासाठी केलेला कॅटलॉग आहे, आणि चोख आहे.

मग कुळांची नावं आली कुठून? १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांना पत्रं पाठवली : आपल्या कुळाच्या टार्टनचा तुकडा सही-शिक्क्यासह पाठवा. काही प्रमुखांना आपला टार्टन कोणता हेच माहीत नव्हतं. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला आणि वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा जंगी टार्टन-सोहळा उभा केला. राजाच्या एकट्याच्या वेषाचं बिल १,३५४ पौंड झालं. सगळ्यांनाच आपापला ‘पुरातन’ नमुना पाहिजे होता, आणि तोही लगेच. विल्सनांचे माग चालू होतेच. फळीवरचा नमुना उतरवायचा, चिठ्ठी बदलायची आणि पाठवायचा.

किड

आता मॅकफर्सन. इंग्रज इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर याने १९८३ मध्ये हायलँड परंपरा कशी रचली गेली यावर एक निबंध लिहिला. तो खूप गाजला. त्यात तो सांगतो की क्लूनीच्या मॅकफर्सनला असाच एक फळीवरचा टार्टन मिळाला. त्याआधी त्या नमुन्याचं नाव ‘किड’ होतं, कारण किड नावाच्या गृहस्थाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी तो घाऊक विकत घेतला होता. आणि त्याच्याही आधी तो नुसता एक नंबर होता.

नंबर, किड, मॅकफर्सन. तीन नावं, एकच सेट. धागा एकही इकडचा तिकडे झालेला नाही.

हे वाचलं तेव्हा मला तो रविवार आठवला. ज्या माणसाच्या पूर्वजांना वेस्ट इंडीजमध्ये गुलाम करून नेलं, त्यांच्यावर स्कॉटिश आडनाव लादलं, त्याच माणसाने दोनशे वर्षांनी ते आडनाव एका मशीनमध्ये टाकलं. आणि मशीनने त्याला काय दिलं? वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी घाऊक विकलेला नमुना, कुळप्रमुखाच्या चिन्हासह. कपडा खरोखरच त्याच्या इतिहासातला निघाला. फक्त सर्टिफिकेटवर त्याचं कारण भलतंच छापलेलं होतं.

ही काही एका माणसाची गोष्ट नाही. जमैकात कॅम्पबेल आडनावाची माणसं ढिगाने आहेत. तिथल्या ऑलिंपिक धावपटूंची यादी पाहा, कॅम्पबेल सापडतो, मॅकफर्सनही सापडतो. गुलामांच्या कपड्यांसाठी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ओस्नाबर्ग नावाचं जाडंभरडं लिननही विणलं जायचं. तो तर मोठा धंदाच होता. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने गुलामगिरी बंद केली तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. ज्यांना विकलं होतं त्यांना एक पेनीही नाही. टचस्क्रीनवर आडनाव टाकणारी सगळी माणसं सारखी नसतात. काहींकडे ते आडनाव वारशाने आलं, काहींवर मालकीचा शिक्का म्हणून बसलं. मशीनला दोघेही एकच स्ट्रिंग दिसतात.

‘सगळंच खोटं’ म्हणणाऱ्यांना

इथवर आल्यावर एक वर्ग खूश होतो. बघा, टार्टन म्हणजे सगळा बनाव. सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी १८४२ मध्ये जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली कुळांच्या टार्टनचं एक पुस्तक काढलं, ते बनावट होतं. आजचे कित्येक ‘प्राचीन’ टार्टन त्यातूनच आले. छोटा किल्टसुद्धा एका इंग्रज लोखंड कारखानदाराने काढला असं म्हणतात. सोशल मीडियावर अशी ‘तुम्हाला माहीत नसलेलं सत्य’ छापाची पोस्ट हमखास चालते.

मला हा उत्साहही पटत नाही. एकतर तो चुकीचा आहे. फॉल्कर्कला रोमन नाण्यांच्या मडक्यात तिसऱ्या शतकातला चौकड्यांचा लोकरी तुकडा सापडला. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत सापडलेला रंगीत टार्टन सोळाव्या शतकातला आहे. मार्टिनच्या बायका १७०३ मध्ये लाकडावर धागे मोजत होत्या. कपडा जुना आहे, कौशल्य जुनं आहे, ज्या बंदीत माणसं तुरुंगात गेली ती बंदी खरी आहे. बनावट आहे ती फक्त आडनावाची चिठ्ठी.

दुसरं म्हणजे, बनाव उघड करणारेही पुष्कळदा त्याच माणसांना गाळतात. ट्रेव्हर-रोपरचाच निबंध घ्या. किड आणि त्याचे गुलाम त्यात एका वाक्यापुरते येतात. विनोद मॅकफर्सनवर आहे : हा मोठा कुळप्रमुख, आणि याच्या अंगावर काय, तर गुलामांचा कपडा! ज्यांनी तो कपडा घालून उसाच्या मळ्यात राबायचं होतं, ती माणसं त्या विनोदाची सामग्री होतात. वाक्य संपतं आणि ती गायब. कुळप्रमुखाने त्यांना चिठ्ठीतून पुसलं, इतिहासकाराने त्यांना कोपरखळीसाठी वापरलं.

‘सगळ्याच परंपरा कधीतरी कुणीतरी बनवलेल्या असतात, मग बिघडलं कुठे?’ हा तिसरा युक्तिवाद जास्त समंजस वाटतो. नवी परंपरा बनवण्यात काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट याने बालमोरल टार्टन स्वतः तयार केला आणि ते कुणी लपवलं नाही. अगदी अलीकडचं उदाहरण तर माझ्या आवडीचं आहे. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात चेटकाच्या कायद्याखाली हजारो लोकांवर आरोप झाले. त्यांत बहुतेक बायका होत्या आणि कित्येकांना ठार मारलं गेलं. ‘विचेस ऑफ स्कॉटलंड’ या मोहिमेने त्यांच्या स्मरणार्थ २०२५ मध्ये एक टार्टन नोंदवला. राखेसाठी करडा, रक्तासाठी लाल, कागदपत्रं बांधायच्या फितीचा गुलाबी, आणि कायद्याची ती दोन सालं धाग्यांच्या संख्येत गुंफलेली. हा टार्टन काल जन्मला आणि तरीही प्रामाणिक आहे, कारण तो का जन्मला हे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय.

बिघडतं ते जुनी चिठ्ठी फाडून नवी लावण्यात. १८१४ आणि १८१९ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली कुळं मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायला घरांतून हाकलली, छपरं जाळली. तो मुख्यतः सदरलँडच्या जहागिरीचा कारभार. तिकडे ग्लेनगॅरीचा प्रमुख मॅकडॉनेल १८१५ मध्ये ‘खऱ्या हायलँडरांची’ सोसायटी काढत होता, अंगभर टार्टन घालून चित्र काढून घेत होता आणि स्वतःच्या कुळातल्या माणसांना जमिनीवरून हटवत होता. म्हणजे ज्या दशकांत डोंगरी माणसं डोंगरातून नाहीशी होत होती, त्याच दशकांत त्यांच्या कपड्यावर मालकांची नावं चढत होती. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. माणसं गेली की त्यांचा कपडा ‘वारसा’ म्हणून मिरवायला सोपा जातो, तो कुणी परत मागायला येत नाही.

रकाना आहे, स्क्रीनवर नाही

दुकानदार म्हणेल, मी मफलर विकतो, इतिहास कशाला गळ्यात घालता? पण इतिहास त्यानेच गळ्यात घातलाय. ‘लाल चौकड्यांचा मफलर, २५ पौंड’ असं लिहिलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. त्याने ‘आपला प्राचीन कौटुंबिक वारसा’ असं लिहून सर्टिफिकेटचे वेगळे पैसे घेतले. विकतोय तो इतिहासच. मग माल पूर्ण द्यावा.

माहिती उपलब्ध नाही, हेही कारण चालणार नाही. स्कॉटिश संसदेने २००८ मध्ये टार्टनच्या नोंदणीचा कायदा केला आणि २००९ पासून सरकारी रजिस्टर चालू आहे. कायद्यात टार्टनची व्याख्यासुद्धा आहे आणि गंमत म्हणजे तिला कुळ लागत नाही. विणता येण्यासारखं, दोन किंवा जास्त रंगांच्या पट्ट्यांचं, उभं-आडवं आवर्तन असलं की झालं. रजिस्टरमध्ये नमुन्यासोबत डिझायनर, तारीख, टिपण असे रकाने आहेत. विल्सनांची कागदपत्रं टिकून आहेत, त्यांवर अभ्यास झालेले आहेत.

म्हणजे रकाना आहे, फक्त स्क्रीनवर आणलेला नाही. आणि हा निर्णय कसा होतो हे मला नीट ठाऊक आहे, कारण मी पगार घेऊन तो करतो. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, “युजरला एवढं कशाला दाखवायचं? गोंधळ होईल.” मी मान हलवतो आणि ते फील्ड लपवतो. डेटाबेसमध्ये राहतं, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटत नाही. फाइलचं नाव बदलून आधीची हिस्टरी उडवली तर आमच्या टीममध्ये आरडाओरडा होईल. दोनशे वर्षांपूर्वी कपड्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं आणि आज आम्ही त्यावर चकचकीत इंटरफेस बसवून देतो.

म्हणून मागणी साधी आहे. मॅकफर्सनच्या सर्टिफिकेटवर तिन्ही नावं छापा. नंबर छापा, म्हणजे हा नमुना कुणा कारागिराने कुळाशिवाय, फक्त रंगांच्या हिशोबाने बांधला होता हे कळेल. ‘किड’ छापा आणि तो कुणासाठी घेतला होता तेही छापा. मग खुशाल ‘मॅकफर्सन’ छापा आणि साल लिहा. ज्यांना मॅकफर्सन असण्याचा अभिमान आहे त्यांच्याकडून यात काहीही हिसकावलं जात नाही. दोनशे वर्षं लोकांनी तो कपडा लग्नात घातला, मयतीला घातला, युद्धात घातला. ते सगळं खरंच आहे. फक्त त्या यादीत उसाच्या मळ्यातली माणसंही आहेत. किंबहुना ती कुळप्रमुखाच्या आधी आहेत.

मी त्या टेस्टरला किडची हकिकत कळवली. काय वाटेल म्हणून दोन दिवस थांबलो होतो. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं : सर्टिफिकेट फ्रेम केलंय, काचेवर मार्करने वर ‘किड’ लिहिलंय, आजीने भिंतीवर लावायला परवानगी दिली.